शेड्यूल वनवरची अकरा नावं

सर आले तेव्हा त्यांच्या हातात चादरीच्या दुकानातली जाड प्लॅस्टिकची पिशवी होती. ती त्यांनी माझ्या टेबलावर पालथी केली. नाट्यगृहाच्या भाड्याच्या पावत्या, तिकिटांची रद्दी, एक पासबुक, सभांच्या नोंदींचं लाल बांधणीचं प्रोसिडिंग बुक, दाढीमिशा चिकटवायच्या स्पिरिट गमची वाळलेली बाटली आणि एक नकली नथ. "मॅडम, एवढं ऑडिट तेवढं करून द्या की."

२०१७ चा ऑगस्ट होता. जीएसटी लागून महिना झाला होता. सोलापूरच्या नवी पेठेतल्या माझ्या ऑफिसात सकाळपासून कापडवाले, चादरवाले, टॉवेलवाले बसलेले असायचे. कापडावर आजवर कधी असा कर भरला नाही म्हणून चिडलेले, आणि मला बघून आणखी चिडणारे. त्या गर्दीत एक निवृत्त मराठीचे शिक्षक नाट्यसंस्थेचं ऑडिट घेऊन आलेले. फी विचारली असती तर त्यांनी बहुतेक नथच पुढे केली असती.

त्यांच्या दोन अडचणी होत्या. पहिली मिनिटात सुटली. नाटकाच्या तिकिटाला जीएसटी लागणार अशी त्यांना कुणीतरी भीती घातली होती. तेव्हा २५० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला कर माफ होता, पुढे जानेवारी २०१८ मध्ये ती मर्यादा ५०० झाली. यांचं तिकीट होतं शंभर रुपये. वर्षाची उलाढाल एवढी की जीएसटीवाल्यांना दयाच आली असती.

दुसरी अडचण म्हणजे पुण्यात स्थायिक झालेला एक माजी विद्यार्थी संस्थेला ५० हजार रुपये द्यायला तयार होता, पण त्याला ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवून देणारी, पावती हवी होती. मी म्हटलं, त्याच्या आधी ट्वेल्व्ह ए, म्हणजे संस्थेची आयकराकडची नोंदणी लागेल, आणि त्याच्याही आधी तुमच्या शेड्यूल वनचा उतारा दाखवा.

"ते काय असतंय?"

ज्यांनी कधी संस्था चालवली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्याकडच्या बहुतेक नाट्यसंस्था, वाचनालयं, मंडळं ही १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली असतात आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही त्यांची नोंद असते. तिथल्या नोंदवहीत संस्थेला 'एफ' अक्षराचा नंबर मिळतो आणि संस्था चालवणाऱ्यांची नावं चढतात. त्यालाच सगळे शेड्यूल वन म्हणतात. माणूस बदलला, गेला, निवडणूक झाली, की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा. नाही दिला तर कागदावर जुनीच माणसं संस्था चालवत राहतात.

यांची संस्था १९७८ ची. उतारा काढून आणला, तर त्यावर १९७८ चीच अकरा नावं. त्यानंतर एकही बदल अर्ज नाही.

सरांनी यादीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "हे गेले. हे पण गेले. हे तर आमच्या आधीच. हे... हे गेलेच असतील." बोट खाली सरकत शेवटच्या नावावर थांबलं. "अकरावा मी. तेव्हा मी चहा आणायला होतो."

मला ती यादी बघून दुसरंच काहीतरी दिसलं. अकरा नावांत सोलापूरच्या सगळ्या भाषा होत्या. दोन तेलुगू आडनावं, तीन कानडी, एक मुसलमान, एक मारवाडी, बाकी मराठी. गिरणीतला जॉबर, विडी कारखान्यातला कारकून, शिंपी, शाळामास्तर, पडदे रंगवणारा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांची नावं, मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन, ओळीनं म्हटली तरी हेच दिसतं. इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉच्या गोष्टी आम्ही शाळेत पाठ केल्या होत्या. पण अशी यादी एखाद्या नाट्यसंस्थेच्या कागदावर, सही-शिक्क्यासकट, मी पहिल्यांदाच पाहत होते.

आणि खरं सांगायचं तर नाटक मी तोवर आयुष्यात दोनच पाहिली होती. त्यातलं एक शाळेच्या गॅदरिंगचं. मग मी हो का म्हटलं? माझे वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. पूर्व भागात, आमच्या तेलुगू विणकरांच्या वस्तीत, घरोघरी हेच. आईचं एक कार्ड असायचं, त्यावर कारकून विड्यांचा आकडा लिहायचा. हजार दिल्या तर नऊशेच लिहायचा, बाकीच्या खराब म्हणून बाद. आईला मराठी वाचता यायचं नाही. सहावीपासून मी तिच्याबरोबर जाऊन कार्ड वाचायला लागले, तेव्हापासून बाद विड्या कमी झाल्या. वडिलांची मालकाकडची उचल किती फिटली, किती राहिली, हेही माझ्याच वहीत. कागदावर काय लिहिलंय याला किती किंमत असते हे मला सीएच्या पुस्तकांनी शिकवलेलं नाही. त्या पिशवीतल्या माणसांचा कागद चाळीस वर्षं कुणी वाचलाच नव्हता.

पहिला सल्ला संस्थेतल्याच एका हुशार तरुणानं दिला. "मॅडम, प्रोसिडिंगमध्ये पानं कोरी हायत की. जुन्या तारखा टाकून लिहून काढू. सह्या मी करतो, मला सगळ्यांच्या जमत्यात." मी म्हटलं, तुम्ही नाटकवाले आहात, मान्य आहे, पण हे नाटक नको. त्याला वाईट वाटलं असावं. आता तोच संस्थेचा खजिनदार आहे आणि एक व्हाउचर सहीशिवाय सोडत नाही.

वकिलांनी मार्ग सांगितला. रीतसर नोटीस काढून सभासदांची सर्वसाधारण सभा, हजेरी, ठराव, नवी कार्यकारिणी. मग बदल अर्ज, सोबत उशीर माफ करण्याचा अर्ज. आणि जुन्या अकरांपैकी प्रत्येकाचं काय झालं याचा पुरावा: गेला असेल तर मृत्यूचा दाखला, असेल तर त्याचं संमतिपत्र. "दहा घरं फिरा," वकील म्हणाले. त्यांच्या फीमध्ये फिरणं बसत नव्हतं. माझ्या फीत बसत होतं, कारण मला फीच नव्हती.

रविवारी सकाळी सर स्कूटर घेऊन यायचे आणि आम्ही निघायचो. पहिला रविवार वाया गेला तो सरांमुळे. त्यांनी निवडलेला दिवस नारळी पौर्णिमेच्या आगेमागेचा होता. त्या दिवसांत पूर्व भागात कुणाच्या घरी कागद मागायला जायचं म्हणजे वेडेपणा. मार्कंडेयाच्या रथोत्सवात सगळं पद्मशाली सोलापूर, म्हणजे आमचे विणकर लोक, रस्त्यावर असतं. "तुमच्या लोकांचं तुम्हाला माहीत नाही का?" असं सरांनी मलाच विचारलं. माहीत होतं, पण सांगायला संधी कुठे दिली होती!

जॉबरच्या घरी त्यांचा मुलगा भेटला. तोही साठीचा. गिरणी बंद पडल्यावर वडिलांनी रिक्षा घेतली आणि संस्थेचं सामान फुकट वाहिलं, असं तो सांगत होता. दाखला त्यानं देवघरातल्या पत्र्याच्या डब्यातून काढला. डब्यात एक ब्राउन रंगाचा फोटो होता. जॉबर राजाच्या वेषात, पायात मात्र गिरणीतले बूट. "चपला विसरले होते," मुलगा म्हणाला, "अख्खं नाटक बूट घालून केलं. कुणी काय म्हटलं नाही."

पडदेवाल्यांच्या घरी वेगळीच भानगड. दाखल्यावर त्यांचं घरचं तेलुगू नाव, शेड्यूलवर शाळेत गुरुजींनी ठेवलेलं मराठी नाव. कायद्याच्या दृष्टीनं एक माणूस मेला होता आणि दुसरा अजून विश्वस्त होता. आमच्या समाजात हे नवीन नाही. माझ्या वडिलांचीही तीन कागदांवर तीन नावं आहेत. दोघे एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र त्यांच्या पत्नीनं द्यायचं ठरलं. मी त्यांच्याशी तेलुगूत बोलायला लागले तसा त्यांचा चेहरा बदलला. इतकी वर्षं नाटकवाले येत होते, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं पहिल्यांदाच कुणी आलं होतं. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी सरांनाही माहीत नव्हती. पडद्यावरचं जंगल रंगवताना नवरा घरातली हळद आणि नीळ न्यायचा, आणि महिन्याच्या शेवटी भांडण व्हायचं ते त्यावरून.

शिंप्यांचं घर जोडभावी पेठेत. तीन जिने चढून गेलो. दार सुनेनं उघडलं. सरांनी संस्थेचं नाव सांगितलं, आणि घसा खाकरून विचारलं, "तुमचे सासरे...?"

"मामा वर गेलेत," ती म्हणाली.

सरांनी मान खाली घातली. मीही. "केव्हा?" सरांनी हळूच विचारलं.

"आत्ताच. सांडगे राखायला."

गच्चीवर नव्वदीचे आजोबा कावळ्यांसाठी काठी घेऊन बसले होते. सर त्यांच्या पायाच पडले. आजोबांनी सरांना ओळखलं नाही, पण संस्थेचं नाव ऐकल्याबरोबर मला विचारलं, "तुम्ही हिशेब बघता म्हणे. माझ्या नावावर चाळीस रुपये उचल आहे बघा. अस्तराला घेतलेली."

मला त्या उन्हातही शहारा आला. ताळेबंदात दरवर्षी 'येणे' या सदरात ४० रुपये पुढे ओढलेले होते, कुणाकडून ते लिहिलेलं नव्हतं. मागच्या ऑडिटरांनीही ते ओढले, मीही ओढणार होते. आजोबांनी सुनेला हाक मारून पाकीट मागवलं. मी पावती फाडली. त्या वर्षी संस्थेची ती पहिली पावती. संमतिपत्रावर सही करताना त्यांनी मजकूर पूर्ण वाचला, आणि संस्थेच्या नावातलं एक शुद्धलेखन दुरुस्त करून दिलं. ते पान पुन्हा टाइप करावं लागलं.

त्यापुढचं फार सांगण्यासारखं नाही. तारखा पडत गेल्या. एका तारखेला अधिकारी नव्हते, एका तारखेला आमचे वकील नव्हते, एका तारखेला फाइल नव्हती. फाइल ज्या टेबलावर असायला हवी होती त्या टेबलामागच्या माणसानं मला शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमचे लोक चाळीस वर्षं आले नाहीत, तुम्हाला चार महिने जड झाले?" राग आला, पण उत्तर सुचलं नाही, कारण ते चूक नव्हतं. २०१९ च्या सुरुवातीला बदल मंजूर झाला. मग मागच्या वर्षांचे हिशेब, मग पुण्याच्या आयकर कार्यालयात ट्वेल्व्ह ए आणि ८०जीचे अर्ज. ते हातात आले तोवर कायदा बदलला आणि २०२१ मध्ये देशातल्या सगळ्या संस्थांना पुन्हा नव्यानं फॉर्म १०ए भरायला लावला, तोही पाच वर्षांच्या मुदतीचा. पुण्याच्या विद्यार्थ्यानं दरम्यान आपले ५० हजार दुसरीकडे देऊन टाकले होते. आम्हाला त्यानं ११ हजार पाठवले. रोख द्यायला निघाला होता. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जी मिळत नाही, हे सांगून चेक घेतला.

एवढ्यावर मी बाजूला व्हायला हवं होतं. झाले नाही, ते पासमुळे.

सोलापुरात नाटकाला तिकीट काढणारा माणूस भेटला तर त्याचा सत्कार करावा अशी परिस्थिती आहे. "दोन पास ठेवा की मॅडम," हे वाक्य मी डॉक्टरांकडून ऐकलंय, बिल्डरकडून ऐकलंय, ज्याची गाडी दारात उभी करायला जागा पुरत नाही त्याच्याकडूनही ऐकलंय. पैशाचा प्रश्न नसतो, पास म्हणजे ओळख असते. हुतात्मा स्मृती मंदिरातल्या आमच्या प्रयोगाला मी पहिल्यांदा खिडकीवर बसले. सभागृह भरल्यासारखं दिसत होतं आणि गल्ला निघाला १४ हजार. पडद्यामागे सगळे खूश. मी तिकिटांची स्थळप्रत मोजत बसले. मग खुर्च्या मोजल्या. सभागृहातले बहुतेक लोक फुकट बसले होते.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं: पास हवे तितके द्या, पण वहीत लिहा. कुणी दिला, कुणाला दिला, का दिला. एवढंच. पण त्यावरून जे झालं ते बदल अर्जाच्या दोन वर्षांत झालं नव्हतं. एक ज्येष्ठ नट उठून गेले. म्हणाले, "मी तीस वर्षं तोंडाला रंग लावतोय, आता मी माझ्या मेव्हण्याचं नाव वहीत लिहू?" त्यांच्या घरी मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्यांच्या पत्नीनं मला कडक भाकरी, शेंगा चटणी, दही वाढलं आणि मग नवऱ्याला म्हणाली, "मेव्हणा माझा भाऊ हाय. त्याला तिकीट काढायला सांगते मी." प्रश्न मिटला. वही अजून आहे. दुसऱ्या वर्षी पास निम्म्यावर आले. लोक सुधारले म्हणून नव्हे, वहीत नाव दिसायला नको म्हणून.

या गावात डॉक्टरनं नाटक केलं तर कुणी वळून बघत नाही. डॉ. जब्बार पटेल इथल्याच शाळेत शिकले, बालरोगतज्ज्ञ झाले, आणि 'घाशीराम कोतवाल' त्यांनी बसवलं. वकील भाषणं करतात, इंजिनियर नेपथ्य करतात. सीएला मात्र लोक कार्यक्रमाच्या शेवटी आभार मानायला उभं करतात, तेही वेळ उरला तर. माझी तक्रार नाही. तालमीत कोपऱ्यात बसून व्हाउचर लावताना मला नाटक दिसायला लागलं. कुठला प्रवेश ढिला आहे हे मला आता कळतं, कारण तेव्हा माझं लक्ष व्हाउचरवर जातं. दिग्दर्शकानं एकदा हे ऐकलं आणि तेव्हापासून तालीम संपली की तो विचारतो, "मॅडम, आज किती व्हाउचर झाली?" कमी झाली असतील तर तो खूश. आणि हजेरीचं कोष्टकही मीच करून दिलं. नळाला पाणी येणार त्या दिवशी तालीम ठेवायची नाही, एवढा एकच नियम. तो दिवस भागाभागाप्रमाणे वेगळा, त्यामुळे नायिकेचा पाण्याचा वार आणि खलनायकाचा पाण्याचा वार जुळवून तालमी ठरतात.

कडीचं प्रकरण त्यानंतरचं. शहरातल्या एका सभागृहात, नाव नको, बायकांच्या मेकअप खोलीला आतून कडी नव्हती. मुली आळीपाळीनं दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. आम्ही तीन संस्थांनी मिळून निवेदन दिलं. २०२२ च्या मार्चनंतर महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होते, त्यामुळे 'आपल्या वॉर्डातल्या अण्णांना सांगू' हा सोलापुरी मार्ग बंद झाला होता. निवेदन या खिडकीतून त्या खिडकीत गेलं. मी दर महिन्याला जायचे. कामासाठी आलेली माणसं महापालिकेच्या इंद्रभुवनाच्या नक्षीकडे बघत उभी राहतात, अप्पासाहेब वारदांनी काय हौसेनं बांधलंय म्हणतात, आणि मग आपला कागद घेऊन दुसऱ्या इमारतीत जातात. मीही तेच केलं.

चौथ्या महिन्यात एका क्लार्कबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुम्ही नूतनीकरण लिहिलंय ना, म्हणून अडलंय. नूतनीकरण म्हणजे भांडवली खर्च, एस्टिमेट, टेंडर. किरकोळ दुरुस्ती लिहा." मी डोक्यावर हात मारून घेतला. लोकांच्या चुकीच्या खात्यात टाकलेल्या नोंदी दुरुस्त करण्यावर मी पोट भरते, आणि स्वतः कडी भांडवली खर्चात टाकली होती. किरकोळ दुरुस्तीचा अर्ज केला. त्या वर्षीची तरतूद संपली होती. मार्च उलटून नवं वर्ष लागेपर्यंत आमच्या नायिकेनं स्वतःच हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणून, भावाकडून बसवून घेतली. बिल माझ्याकडे आलं, ६० रुपये. कुठल्या खात्यात टाकावं यावर मी बराच विचार केला आणि नेपथ्यात टाकलं.

त्यातून एक गोष्ट मात्र मार्गी लागली. आता दिवाळी झाली की आम्ही पाच-सहा संस्था एकत्र बसतो. उन्हाळ्यात, प्रयोग रद्द झाल्यावर चिडून निवेदन द्यायचं, ही आपली पद्धत. तोवर अंदाजपत्रक होऊन गेलेलं असतं. म्हणून खात्याखात्यांत आकडे जमवायला लागतात त्या सुमारास आम्ही मागण्यांची यादी देतो: काय मोडलंय, कुठे, अंदाजे किती रुपये, कुठल्या शीर्षाखाली. मागच्या खेपेला यादीत सात कलमं होती, दोन झाली. पंखे आणि बाहेरचा दिवा. ध्वनियंत्रणा नाही झाली. ती पुन्हा लिहिली आहे.

शिंपी आजोबा गेल्या वर्षी गेले. खरंच वर गेले. मुलगा तिसऱ्या दिवशी दाखल्याची झेरॉक्स घेऊन माझ्या ऑफिसात हजर. "बाबांनी सांगून ठेवलं होतं, मॅडमला लगेच नेऊन दे म्हणून." ते नव्या कार्यकारिणीत नव्हते, दाखल्याची गरज नव्हती. मी तो फाइलला लावला.

परवा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, गर्दीत, होम मैदानावर पाळण्यांच्या आवाजात एकानं मला गाठलं. दुसऱ्या पेठेतल्या एका भजनी मंडळाचा अध्यक्ष. सरांनी माझं नाव दिलं म्हणे. मी शेड्यूल वनचं विचारलं, तर त्याच्या चेहऱ्यावर थोडा अभिमानच दिसला.

"आमच्यातले चारच गेलेत, मॅडम."

सोमवारी पिशवी घेऊन या म्हटलं.